तारोगॉतो सुरात आणायचा तर: पेटी उघडण्यापासून पहिल्या धुनेपर्यंत

तारोगॉतो या हंगेरियन फुंकवाद्याकडे वळणारे बहुतेक जण आधीपासून क्लॅरिनेट नाहीतर सोप्रानो सॅक्सोफोन वाजवत असतात, आणि घोळ नेमका तिथूनच सुरू होतो. क्लॅरिनेटवाला काळं लाकूड आणि चाव्या बघून त्याला क्लॅरिनेट समजतो. सॅक्सवाला शंकूसारखी नळी बघून लाकडी सॅक्स समजतो. दोघेही हाताशी असेल तो माउथपीस चढवतात, जोर लावून फुंकतात, वरचं सप्तक बेसूर निघतं आणि खापर वाद्यावर फुटतं.

यातल्या बऱ्याच तक्रारी वाद्याच्या नसतात, क्रमाच्या असतात. आधी गळती, मग माउथपीस, मग सप्तक, मग पट्टी, आणि बोटं सगळ्यात शेवटी. गळती तशीच ठेवून माउथपीस बदलत बसलात तर पाच माउथपीस विकत घेऊनही उत्तर मिळणार नाही.

तयारी: काय काय हाताशी हवं

ट्यूनर (फोनमधलं ॲप चालेल), माउथपीससकट वाद्य, दोन-तीन वेगवेगळ्या ताकदीची रीड (माउथपीसवर बांधायची, फुंकीनं थरथरणारी पातळ पट्टी), कॉर्कला लावायचं ग्रीस, नळी पुसायचं सुती किंवा रेशमी फडकं, पातळ कागदाच्या पट्ट्या (सिगारेटचा कागद उत्तम), छोटा टॉर्च, नळजोडणीला वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आणि एक पेन्सिल. वाद्यासोबत आलेला बोटांचा तक्ता जपून ठेवा. इंटरनेटवर सापडलेला दुसराच तक्ता घेऊन बसू नका, त्याचं कारण पुढे येईल.

टप्पा १: हातातलं वाद्य नक्की कोणतं?

तारोगॉतो या एकाच नावानं दोन वेगळी वाद्यं विकली जातात. जुना तारोगॉतो, ज्याला हंगेरीत तोरोकशीप असंही म्हणतात, हा आपल्या सनईच्या जातीचा: दुहेरी रीड, चाव्या नाहीत, आवाज मैदानावर घुमणारा. आजही कारागीर त्याच्या प्रतिकृती बनवतात. आधुनिक तारोगॉतो १८९० च्या दशकात बुडापेस्टमध्ये शुंडा व्हेंसेल योझेफ आणि श्टोवासर यानोश या वाद्य बनवणाऱ्यांनी घडवला. त्याला क्लॅरिनेटसारखं एकेरी रीड, लाकडाची शंकूच्या आकाराची नळी आणि धातूच्या चाव्या असतात. हा लेख या दुसऱ्या वाद्याबद्दल आहे. रुमानियाच्या बानात भागातही तो रुजला आहे आणि तिथे त्याला टारागोट म्हणतात, त्यामुळे विक्रीच्या जाहिराती शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

सर्रास मिळतो तो बी-फ्लॅटचा सोप्रानो, लांबी साधारण ७४ सेंटिमीटर. आपल्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) भाषेत सांगायचं तर त्याच्या स्वरलिपीत लिहिलेला सी म्हणजे ऐकू येणारी काळी पाच. इतर आकारही बनले आहेत, पण पहिलं वाद्य सोप्रानोच घ्यावं. रीड, माउथपीस, सुटे भाग हे सगळं त्याचंच त्यातल्या त्यात सहज मिळतं.

बोटांची रचनाही सगळीकडे एक नसते. जुनी वाद्यं बहुतेक जर्मन धाटणीची असतात. काही नव्या वाद्यांवर सॅक्सच्या जवळ जाणारी रचना बसवलेली असते.

*तपासा:* पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: रीड एकेरी की दुहेरी, वाद्य कोणत्या पट्टीचं, आणि बोटांची रचना कोणती. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं तर चाव्यांचे जवळून काढलेले फोटो मागा.

टप्पा २: घेण्याआधीची पाहणी

लाकूड बहुधा ग्रेनाडिला असतं, म्हणजे आपल्या शिसवाचाच आफ्रिकन भाऊबंद. ते घट्ट आणि तेलकट असतं, तरी तडकतं. तडा सहसा वरच्या टोकाला जातो, कारण ओली, गरम फुंक पहिल्यांदा तिथेच लागते. उन्हात किंवा टॉर्चच्या तिरप्या उजेडात वरची दहा-बारा सेंटिमीटर हळूहळू फिरवत बघा. लाकडाची रेषा आणि तडा यांत गल्लत होते. रेषा बारीक, तुटक असते आणि नखाला लागत नाही. तडा सलग धावतो, बऱ्याचदा एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत, आणि त्यावरून नख आडवं फिरवलं की किंचित अडतं. दुरुस्त केलेला तडा हे वाद्य नाकारायचं कारण नाही. लपवलेला तडा मात्र आहे.

जुन्या वाद्याची पट्टी विचारल्याशिवाय व्यवहार करू नका. ए म्हणजे ४४० हर्ट्‌झ हे आंतरराष्ट्रीय मानक १९३९ मध्ये ठरलं. त्याआधी १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेनं ४३५ ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात दोन्हींच्या वरखालीही वाद्यं बनत होती. थोडं चढं वाद्य माउथपीस बाहेर ओढून उतरवता येईल असं वाटतं, पण तसं केलं की सप्तक बिघडतं (टप्पा ७ बघा). विक्रेत्याकडून ट्यूनरसमोर वाजवलेली ध्वनिफीत मागवा. त्यात एकच स्वर नको, खालचा आणि वरचा दोन्ही हवेत.

परदेशातून मागवत असाल तर लाकडाची कागदपत्रं बघावी लागतात. ग्रेनाडिला ज्या डाल्बर्जिया गटात मोडतं, त्या अख्ख्या गटावर २०१७ च्या जानेवारीपासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातली बंधनं आली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवूडला ती लागू नाही. बिलावर लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घेतलं की कस्टममधला बराच त्रास वाचतो.

*सावधान:* ‘माउथपीस नाही, पण कुठलाही चालतो’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याचं वाद्य किंमत मुद्दाम पाडून मागा. कुठलाही चालत नाही.

टप्पा ३: पेटी उघडल्यावर लगेच वाजवू नका

थंड, कोरड्या देशातून आलेलं पार्सल जुलैत मुंबईत किंवा मे महिन्यात नागपुरात उघडलं जातं. दोन्ही वेळी लाकडाला धक्का बसतो. पेटी बंद ठेवून एक पूर्ण दिवस घरातल्या हवेत राहू द्या. एसीसमोर नको, खिडकीतल्या उन्हातही नको.

नवं किंवा बरीच वर्षं बंद पडलेलं वाद्य पहिले दोन आठवडे रोज १५ ते २० मिनिटंच वाजवावं. तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू वाढवा. पहिल्याच रविवारी तीन तास रियाझ केला की आतलं लाकूड ओलं होऊन फुगतं, बाहेरचं कोरडंच राहतं, आणि त्या ताणात तडा जातो.

नळीला आतून तेल द्यायचं की नाही यावर बनवणाऱ्यांचं एकमत नाही, म्हणून ज्याचं वाद्य त्याची सूचना पाळा. द्यायचंच असेल तर शुद्ध गोडं बदाम तेल, फडक्यावर तीन-चार थेंब, पॅडखाली (चावीला लावलेल्या, भोक झाकणाऱ्या गादीखाली) कागद सरकवून. डोक्याला लावायचं ‘बदाम तेल’ चालणार नाही, त्यात बऱ्याचदा खनिज तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. खोबरेल तर मुळीच नको. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि डिसेंबरच्या सकाळी भोकांच्या कडेला पांढरं जमलेलं दिसतं. बिजागऱ्यांना सुईच्या टोकानं शिवणयंत्राचं तेल एकेक थेंब पुरे, तेही लाकडाला आणि पॅडला न लागू देता.

टप्पा ४: गळती शोधा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून सगळ्यात जास्त टाळला जातो. खालचे स्वर घरघरत असतील किंवा फुंक दुपटीनं लागत असेल तर रीडकडे बघण्याआधी इथे या.

माउथपीस काढा. खालचा भोंगा वेगळा होत असेल तर तोही काढा. खालचं टोक तळहातानं किंवा मऊ रबरी बुचानं बंद करा, सगळ्या भोकांवर बोटं ठेवा, उघड्या राहणाऱ्या चाव्या दाबा आणि वरच्या टोकाला ओठ लावून हवा आत ओढा. वाद्य हवाबंद असेल तर जीभ ओढली गेल्यासारखी वाटते आणि तोंड काढताना ‘टप्‌’ असा आवाज येतो. हवा सरसर येत राहिली तर कुठेतरी वाट आहे.

आता ती वाट शोधा. कागदाची अरुंद पट्टी एका पॅडखाली ठेवा, चावी नेहमीच्या ताकदीनं बंद करा आणि पट्टी हळूच ओढा. चारही दिशांनी सारखी अडली पाहिजे. एका बाजूनं सटकली तर पॅड वाकडा बसलाय. असं एकेक करत सगळे पॅड तपासा. गळती बहुधा वरच्या छोट्या चाव्यांत निघते, कारण त्यांच्या स्प्रिंगा नाजूक असतात. एक बारीक गळतीही तिच्याखालच्या सगळ्या स्वरांना आजारी करते. म्हणूनच दुखणं खाली दिसतं आणि कारण वर असतं.

खालच्या भागात चावी नसलेली काही भोकं दिसतील. ती चूक नाही, अपुरं कामही नाही. खालचे स्वर मोकळे आणि सुरात यावेत म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. गळती तपासताना आड येत असतील तर तेवढ्यापुरती चिकटपट्टी लावा आणि लगेच काढून टाका.

*सावधान:* सनई वाजवणाऱ्यांचा हात इथे हमखास मेणाकडे जातो, कारण सनईच्या खालच्या भोकांत मेण घालून सूर लावायची रीतच आहे. तारोगॉतोची ही भोकं बुजवली की खालचे स्वर उतरतात आणि कोंदट होतात.

टप्पा ५: माउथपीस

अर्धं वाद्य इथे आहे, त्यामुळे इथे थांबून वेळ घालवला तर वाया जात नाही.

शंकूच्या आकाराची नळी म्हणजे टोक कापलेलं गाजर. कापलेलं टोक वाद्यात नसतं, तिथे माउथपीस बसतो. माउथपीसच्या आतल्या पोकळीचं माप त्या गायब टोकाच्या मापाशी जुळलं, तरच वरचं सप्तक खालच्याच्या बरोबर दुप्पट कंपनसंख्येवर पडतं. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी सरळ असते, तिथे हे गणित इतकं कडक नाही. म्हणून क्लॅरिनेटवाल्याला ‘माउथपीस म्हणजे फक्त आवाजाचा पोत’ अशी सवय लागलेली असते. इथे माउथपीस म्हणजे सूरच.

क्रमानं असं करा.

१. वाद्याचं वरचं टोक बघा. त्यावर कॉर्क असेल तर माउथपीस त्याच्यावर चढतो. खोबणी असेल तर माउथपीसचं टोक तिच्यात बसतं. या दोन जाती एकमेकींना लागत नाहीत आणि जोडणीसाठी घरी काही कापाकापी करायची नाही.

२. वाद्यासोबत बनवणाऱ्याचा माउथपीस असेल तर पहिले काही आठवडे तोच वापरा, आवाज कितीही साधा वाटला तरी. सूर कसा लागायला हवा हे कळायला एक खुंटी पक्की हवी.

३. तो नसेल तर सोप्रानो सॅक्सचा माउथपीस हा सर्वांत जवळचा पर्याय. त्यातही आतून गोलसर, ऐसपैस पोकळीचा घ्या. जॅझमध्ये तिखट आवाजासाठी वापरतात तो उंच उताराचा, अरुंद पोकळीचा नको. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा माउथपीस टेप गुंडाळून बसवता येतो, पण त्यावर दोन सप्तकं एकत्र सुरात आणणं हे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

४. माउथपीस कॉर्कवर चढवताना ग्रीस लावा आणि फिरवत ढकला. सरळ दाबू नका, आणि दाबताना चाव्यांवर मूठ आवळू नका. सैल बसत असेल तर कॉर्कवर टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे द्या. हा तात्पुरता उपाय आहे, कॉर्क बदलून घ्या.

५. माउथपीस आत्ता कुठवर आला आहे तिथे कॉर्कवर पेन्सिलीनं बारीक खूण करा. पुढचे सगळे फरक या खुणेपासून मोजायचे.

*तपासा:* माउथपीस हलवून बघा. डावी-उजवीकडे जराही डुलत असेल तर पुढे जाऊ नका. तिथूनही हवा गळते.

टप्पा ६: रीड

सोप्रानो सॅक्सचा माउथपीस असेल तर रीडही त्याचंच लावा. दोन किंवा अडीच ताकदीपासून सुरुवात करा. क्लॅरिनेटवर साडेतीन वाजवणारे इथेही साडेतीनच घेतात आणि मग खालचे स्वर निघत नाहीत म्हणून दात रोवतात.

रीड तोंडात दोन मिनिटं भिजवा. माउथपीसच्या कडेला समांतर ठेवा, वरून बघितल्यावर माउथपीसची केसभर काळी कड दिसली पाहिजे. रीड धरणारी पट्टी रीडच्या घासलेल्या भागावर चढू देऊ नका, तिची जागा खाली, सालीवर. स्क्रू बोटानं घट्ट होतील तेवढेच.

पावसाळ्यात रीड सपाट काचेवर पुसून वाळवा. बंद डबीत ओलं ठेवलेलं रीड कोकणात आठवड्यात काळं पडतं.

टप्पा ७: आधी सप्तक, मग पट्टी

जवळपास सगळे इथेच चुकतात. ट्यूनर काढतात, एक स्वर वाजवतात, चढा आला की माउथपीस बाहेर, उतरला की आत, आणि सुई हिरवी झाली की काम झालं असं समजतात. एक स्वर सुरात आला, बाकीचे विस्कटले.

पाच मिनिटं वाजवून वाद्य गरम करा. थंड वाद्य मोजायचं नाही. हवेचं तापमान एक अंशानं वाढलं की सूर साधारण तीन सेंट चढतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. फुंकीमुळे नळीतली हवा निम्मीशिम्मी आपल्या तापमानावर येते, तरी मे महिन्यातल्या खोलीत आणि जानेवारीतल्या खोलीत फरक पडतोच.

आता लिहिलेला जी घ्या. ट्यूनरवर तो एफ दिसेल, कारण वाद्य बी-फ्लॅटचं आहे. खालच्या सप्तकातला जी सुमारे ३४९ हर्ट्‌झ, वरचा सुमारे ६९८. डोळे मिटून खालचा जी लांब धरा, मग डोळे उघडून ट्यूनरवरचा फरक लिहून ठेवा. सुईकडे बघत वाजवलं की ओठ आपोआप सूर ओढून आणतात आणि मोजणी खोटी होते. तसंच वरच्या जी-चं करा. ट्यूनरची सुई शून्यावर आहे की नाही हे आत्ता बघायचं नाही. दोन जी-मधला फरक बघायचा.

वरचा जी खालच्याच्या मानानं चढा येत असेल तर माउथपीसची पोकळी कमी पडते आहे. माउथपीस एक मिलिमीटर बाहेर घ्या, परत मोजा. वरचा उतरत असेल तर पोकळी जास्त आहे, माउथपीस आत ढकला. फरक दहा सेंटच्या आत आला की थांबा. तेवढं ओठ आणि फुंक सांभाळून घेतात, शून्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मग हीच परीक्षा लिहिलेल्या ए आणि एफ या स्वरांवर घ्या. तिन्हींचा कल एकाच दिशेला हवा. एकच स्वर वेगळा वागत असेल तर तो माउथपीसचा प्रश्न नाही, त्या भोकाचा किंवा पॅडच्या उघडण्याचा आहे.

सप्तक जुळल्यावर मग पट्टी बघा. लिहिलेला बी म्हणजे ट्यूनरचा ए, तो ४४० च्या आसपास हवा. तीन गोष्टी होऊ शकतात.

तो जवळपास बरोबर आला, तर पेन्सिलीची नवी खूण करा. ही तुमची जागा.

सप्तक जुळतंय पण सगळंच वाद्य चढं किंवा उतरलेलं आहे, तर दुसऱ्या आकाराचा माउथपीस लावून सगळी मोजणी पहिल्यापासून करा. दोन-तीन वेगवेगळ्या माउथपीसवर तोच फरक येत राहिला, तर वाद्य मुळातच वेगळ्या पट्टीला बनलं आहे. ते एकट्यानं किंवा तंबोरा त्याच्या पट्टीला लावून खुशाल वाजवा, पण ४४० च्या पेटीशी त्याची जोडी जमवायला जाऊ नका.

सप्तक कुठेच जुळत नाही, तर टप्पा ४ ला परत जा. गळती राहिली आहे.

*सावधान:* माउथपीस तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर घ्यावा लागत असेल तर तो माउथपीस या वाद्याचा नाही. तसाच वाजवत राहिलात तर कमी बोटांचे वरचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त उतरतील आणि आरोह-अवरोहात मधोमध पायरी पडल्यासारखी वाटेल.

टप्पा ८: ओठ आणि फुंक

क्लॅरिनेटवाल्यांना इथे जबडा मोकळा करायला शिकावं लागतं. एक सोपी खूण सांगतो: फक्त माउथपीस हातात धरून फुंका आणि कोणता स्वर येतो ते ट्यूनरवर बघा. सोप्रानो सॅक्सचे शिक्षक इथे साधारण वरचा सी (सुमारे १०४६ हर्ट्‌झ) मागतात. तारोगॉतोला त्याच आसपास सुरुवात करा. त्याच्या बराच वर स्वर येत असेल तर दात दाबताय. रोज रियाझाआधी एकदा करून बघा. आकड्यापेक्षा तो रोज तोच येणं जास्त मोलाचं आहे.

खालचा ओठ दातांवर अगदी थोडा मुडपा. गाल फुगवू नका. वाद्य क्लॅरिनेटसारखं पुढे आणि खाली धरा, पण हनुवटीला चिकटवून उभं नको. कोन बदलला की स्वर चढतो-उतरतो. मान वाकवून वाद्याकडे जाण्याऐवजी वाद्य तोंडाकडे आणा, आणि अंगठा दुखायला लागला तर गळ्यातला पट्टा लावा. लाज वाटायचं कारण नाही, लाकूड जड आहे.

सुरुवातीचे काही दिवस एकच काम: खालचा जी दहा सेकंद, सरळ, कंप न देता. मग त्याच फुंकीत सप्तकाची चावी दाबून वरचा जी. जबडा न हलवता वरचा आला तर माउथपीस जुळला आणि ओठही. वर जायला जबडा आवळावा लागला तर टप्पा ७ परत करा.

टप्पा ९: बोटं

क्लॅरिनेटमध्ये अंगठ्याची चावी दाबली की सा वरून थेट वरच्या सप्तकातला प मिळतो. तारोगॉतोत सा वरून तार सा मिळतो. एवढा एक फरक बोटांत उतरायला क्लॅरिनेटवाल्याला महिना लागतो, कारण मेंदू जुनाच तक्ता वाचत राहतो. सॅक्सवाल्याला हे सहज जमतं, पण त्याला दुसरी अडचण येते. सॅक्समध्ये भोकं पॅडनं झाकली जातात, बोट कुठेही टेकलं तरी चालतं. इथे बरीच भोकं थेट बोटाच्या पेरानं बंद करायची असतात. बोट अर्धा मिलिमीटर सरकलं तरी स्वर फाटतो. आपल्या बासरी-सनईवाल्यांना यात काहीच नवं नाही.

लग्नाच्या बँडमध्ये जुन्या धाटणीची क्लॅरिनेटं वाजवणाऱ्यांचा हात इथे लवकर बसतो, पण तेवढ्या भरवशावर राहू नका. तक्ता मात्र त्याच वाद्याचा हवा. जर्मन रचनेत काही स्वरांना मधलं बोट उचलून खालचं ठेवायचं असतं, सॅक्सकडे झुकलेल्या रचनेत तेच बोट स्वर बिघडवतं. सप्तकाच्या दोन चाव्या असतील तर कोणत्या स्वरापासून दुसरी लावायची हे तक्त्यातच मिळेल. त्या जागी रोज पाच मिनिटं येरझाऱ्या घाला, सगळ्या गडबडी तिथेच होतात.

*तपासा:* सगळी भोकं बंद करून सर्वांत खालचा स्वर हळू फुंकेवर निघाला पाहिजे. जोर लावल्यावरच निघत असेल आणि टप्पा ४ मध्ये वाद्य हवाबंद ठरलं असेल, तर बोटं गळताहेत. आरशासमोर बसा आणि बोटांच्या पेरांवर उमटलेले गोल बघा. गोल पूर्ण हवेत.

टप्पा १०: पहिली धून, आणि पेटीसोबत

पहिली धून जलद नको. चार्दाश (हंगेरियन नाचाची धून) ऐकून हुरूप येतो, पण हे वाद्य शिकायचं ते संथ गाण्यावर. हंगेरियन हाल्गातो किंवा रुमानियन डोइना घ्या. दोन्हींत ठेका मोकळा असतो, स्वर लांब धरायला वेळ मिळतो. रुमानियाचे दुमित्रु फर्काश (१९३८–२०१८) यांचं वादन ऐका आणि एकाच गोष्टीकडे कान ठेवा: लांब स्वराला कंप कधी येतो. तो स्वराच्या सुरुवातीला नाही, स्वर बसल्यावर येतो. नवशिके सुरुवातीपासूनच कंप देतात, त्यामुळे बेसूरपणा झाकला जातो आणि कान सुधारतच नाही.

पेटीसोबत बसायचं असेल तर हिशेब सोपा आहे. लिहिलेला सी म्हणजे काळी पाच. पांढरी एकला गाणाऱ्यासोबत लिहिलेला डी सा धरा. काळी एकला डी-शार्प सा येतो, तिथे बोटं अवघड होतात. शिकताना काळी पाच किंवा पांढरी एक, एवढंच ठेवा. उघड्या भोकांमुळे बोट हळू सरकवत मींड घेता येते. सॅक्सवर हे काम ओठांवर टाकावं लागतं, इथे बोट करतं. मींडेसाठी बोट भोकावरून सरळ उचलायचं नाही, तळहाताच्या दिशेनं मागे ओढायचं.

टप्पा ११: प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर

माउथपीस काढा, रीड काढून पुसा, माउथपीस साध्या पाण्यानं धुवा. गरम पाणी नको, एबोनाइट (माउथपीसचं कडक रबर) हिरवट पडतं आणि वास सुटतो.

नळी पुसताना फडक्याची वजनवाली दोरी भोंग्याच्या बाजूनं आत सोडा, वाद्य उलटं करून वरच्या टोकातून बाहेर काढा आणि फडकं रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे ओढा. फडक्याला मागच्या बाजूनंही दोरी हवी. नळी वर अरुंद होत जाते आणि सप्तकाच्या चावीची छोटी नळी आत डोकावत असते, फडकं नेमकं तिथे अडकतं. पहिल्यांदा आवळल्यासारखं वाटलं की ओढणं थांबवा आणि मागच्या दोरीनं परत भोंग्याकडे घ्या. घडी पडली आहे का बघा, फडकं झटकून पसरा आणि पुन्हा करा.

मागची दोरी नसताना अडकलं, किंवा मागच्या दोरीलाही येत नसेल, तर तार, विणायची सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत घालू नका. वाद्य आडवं ठेवा, एक दिवस फडकं वाळू द्या, वाळलं की ते जरा सैल होतं, मग पुन्हा मागे ओढून बघा. तरीही हललं नाही तर तसंच पेटीत ठेवून लाकडी वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. त्याचं काम दहा मिनिटांचं असतं, आणि वाकलेली सप्तक-नळी बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त.